लिंबाच्या पानातली रुपेरी रेघ

विक्रोळीच्या आमच्या कन्नमवार नगरात उत्तरा घाडीला सगळे पेस्टवाली म्हणतात. तोंडावर कोणी म्हणत नाही, पण तिला ते ठाऊक आहे आणि त्याचं तिला काही वाटतही नाही. सकाळी पाठीला पंप लावून, गळ्यात मास्क लोंबकळत ठेवून ती जिना उतरायला लागली की मी तळमजल्याच्या खिडकीतून विचारते, "आज कुठे गं?" ती म्हणते, "घाटकोपर, ढेकूण," किंवा "मरोळ, उंदीर," आणि चालायला लागते.

किड्यामुंग्यांची किळस म्हणून जी असते ती तिला नाहीच. एकदा अंधेरीत एका घरी तिने स्विचबोर्डाचं झाकण काढलं, तर आतून झुरळांचा लोंढाच बाहेर आला. घरातली बाई किंचाळून सोफ्यावर चढली, तिचा नवरा थेट जिन्यात पळाला, आणि उत्तरा कोपरापर्यंत झुरळं चढलेला हात तसाच धरून म्हणाली, "हां, आता कळलं कुठनं येतात ते." ही हकिगत तिने मला जेवता जेवता सांगितली. ती जेवत होती. माझा घास हातातच राहिला होता.

म्हणूनच, एका अळीने तिला हादरवून सोडलं, आणि तीसुद्धा कोथिंबिरीच्या काडीएवढीही जाड नसलेल्या अळीने, हे मला आधी खरंच वाटेना.

हा धंदा मुळात तिचा नव्हे, तिच्या नवऱ्याचा. राजेश मालवणकडचा. वडील गिरणीत होते, गिरणी बंद पडल्यावर हा पोरगा एका पेस्ट कंट्रोलवाल्याकडे कामाला लागला आणि पुढे स्वतःचा पंप घेऊन स्वतःची गिऱ्हाइकं करायला लागला. तोंडाला रुमाल बांधला तर बांधला, नाही तर नाही. त्या काळी मास्क कोण घालतंय! वीसेक वर्षं असं चाललं आणि मग एक दिवस कुर्ल्याला एका घराच्या पोटमाळ्यावर औषध मारताना त्याचा श्वासच अडकला. दोघांनी धरून खाली उतरवला. डॉक्टरांनी सांगितलं, औषधाचा वाससुद्धा यापुढे नको, धूळ नको, दगदग नको. राजेश घरी बसला तो बसलाच. टेबलावर वाफेचं मशीन, खिडकीशी खुर्ची, आणि दिवसभर टीव्ही चालू, पण त्याचं लक्ष टीव्हीतही नाही.

गिऱ्हाइकांचे फोन येत राहिले. चार-सहा महिने उत्तराने "ते आजारी आहेत" असं सांगितलं, आणि मग एकाला म्हणाली, "मी येते." राजेशबरोबर ती मदतीला जायचीच, काम डोळ्याखालून गेलेलं होतं. उलट बाई आली म्हणून बायका खूश झाल्या. दुपारी घरात एकट्या असल्या तरी स्वयंपाकघराचे खण निर्धास्त उघडून द्यायला लागल्या.

इरावतीकाकू पटवर्धन या तिच्या अशाच एक गिऱ्हाईक. मुलुंड पूर्वेला दुसऱ्या मजल्यावर एकट्या राहतात. टेलिफोन एक्स्चेंजमधून निवृत्त होऊनही त्यांना बरीच वर्षं झाली, पण बोलणं अजून तसंच, कमीत कमी शब्दांत, जसं काही मागे दहा जण लाइनवर थांबलेत. गेल्या वर्षी गणपती होऊन गेल्यावर त्यांच्या दाराच्या चौकटीला वाळवी लागली म्हणून त्यांनी उत्तराला बोलावलं. चौकटीला भोकं पाडून औषध भरून झालं, तशा काकू म्हणाल्या, "आता बाल्कनीत ये. माझ्या लिंबावर कोणीतरी गिरगटून ठेवलंय."

बाल्कनीत प्लास्टिकच्या मोठ्या ड्रममध्ये कागदी लिंबाचं झाड होतं. पावसाने त्याला नवी पालवी फुटलेली, आणि त्या कोवळ्या पानांवर खरोखरच कोणी चंदेरी पेनाने रेघा ओढाव्यात तशा वेड्यावाकड्या रेघा होत्या. काही पानं तर गोळा होऊन वळली होती.

"गोगलगाय फिरली असेल," उत्तरा म्हणाली.

"दुसऱ्या मजल्यावर?"

"मग असेल काहीतरी. बघू नका तुम्ही. मी मारते, साफ होईल."

पंपात नेहमीचं औषध होतंच. तिने पाणी जास्त घालून ते पातळ केलं आणि झाड वरून खालून न्हाऊ घातलं. पानांवरून थेंब टपटपायला लागले. काकू दार लावून आत बसल्या. उत्तराला यात विशेष काही वाटलं नाही. दिसलं ते मारायचं आणि नाही दिसलं ते शोधून मारायचं, एवढंच तिला राजेशने शिकवलं होतं.

दोन-तीन आठवड्यांनी फोन आला.

"उत्तरा, तू औषध मारलंस की टॉनिक पाजलंस?"

"का काकू?"

"आधी चार पानांवर होतं. आता कोरं पान शोधावं लागतंय."

इतक्या वर्षांत तिला तक्रारीचा फोन असा आला नव्हता. झुरळं परत आली तर लोक सहा महिन्यांनी बोलावतात, ते वेगळं. पण औषध मारल्यावर कीड वाढली, हे तिने कधी ऐकलंच नव्हतं. दुसऱ्याच दिवशी ती मुलुंडला गेली, ती जरा घुश्शातच. काकूंनी पेपर वाचायचं मोठं भिंग तिच्या हातात दिलं. उत्तराने एक पान वाकवून उन्हाच्या दिशेला धरलं आणि भिंगातून पाहिलं.

रेघ पानावर नव्हतीच. ती पानात होती. वर कांद्याच्या पापुद्र्यासारखी पातळ चकचकीत साल, आणि त्या सालीच्या खाली एक पोकळ वाट. वाटेच्या मधोमध काळपट बारीक दोरा, तो कुणाच्या तरी विष्ठेचा. आणि वाटेच्या टोकाला, जिथे रेघ संपत होती, तिथे एक पिवळट, चपटा, बिनपायांचा जीव. जिवंत. त्याचं डोकं डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे हलत होतं, विळीवर कोणी न थांबता भाजी चिरावी तसं, आणि प्रत्येक हेलकाव्याला पापुद्रा थोडासा पुढे सुटत होता.

उत्तराने पान सोडून हात झटकला.

"काकू, ती आत आहे!"

"आत म्हणजे कुठे?"

"कातडीच्या खाली! पान जिवंत आहे आणि ही त्याच्या कातडीच्या खालून चालतेय!"

काकूंनी भिंग हिसकावूनच घेतलं. बघितलं. मग त्यांनी खुर्ची ओढली आणि बसल्या. "अगं बाई," एवढंच म्हणाल्या, आणि काकूंच्या तोंडून हे शब्द येणं हीच मोठी गोष्ट होती.

उत्तरा मला सांगत होती, "वाळवी लाकडात असते, पण लाकूड मेलेलं असतं ना. ढेकूण गादीत असतात. हे म्हणजे माझ्या मनगटात काहीतरी सरकतंय असं वाटलं मला. तिथेच खाजवत बसले मी. आणि माझं औषध? वरून वाहून गेलं सगळं, रेनकोटावरून पाणी जातं तसं. ती आत मजेत जेवत होती."

त्या दिवशी तिने काहीच मारलं नाही. काय मारायचं, कधी मारायचं, हेच कळेना. ही अळी बाहेर कधी येते? येते की नाही? बाहेर येईल तेव्हा तिला गाठता येईल, असा तिचा सरळ धंद्याचा हिशोब. काकूंनी जॅमच्या दोन रिकाम्या बाटल्या काढल्या. एकेका बाटलीत पाण्याची छोटी कुपी, तिच्यात रेघांची पानं असलेला एकेक कोवळा शेंडा, आणि तोंडाला जुन्या ओढणीचा तुकडा रबर लावून बांधलेला. एक बाटली काकूंकडे राहिली. दुसरी उत्तराने पिशवीत घालून विक्रोळीला आणली.

राजेश भडकला. "वीस वर्सां मी किडे भायेर काढलंय, आणि तू घरात हाडतंस?"

"बंद आहे बाटली. नुसतं लक्ष ठेवा. काही बाहेर आलं तर सांगा मला."

बाटली त्याच्या खुर्चीशेजारी खिडकीत राहिली. पहिल्या दिवशी त्याने ढुंकूनही पाहिलं नाही, असं उत्तरा म्हणते. मी म्हणते पाहिलं असणार, कारण दुसऱ्या दिवशी दुपारी मी त्यांच्याकडे कैरीचं लोणचं द्यायला गेले तर टीव्ही बंद होता, आणि राजेश चष्म्यावर मुलीचा जुना शाळेतला भिंगाचा तुकडा धरून बाटलीला नाक लावून बसला होता. मानसी, म्हणजे त्यांची मुलगी, लग्न होऊन बोरिवलीला असते. तिच्या कंपासपेटीतला तो तुकडा त्याने कुठून शोधला देव जाणे. मला म्हणाला, "वैनी, मुंडी बघा. थकत नाय ती. माणूस असतो तर मान मोडली असती."

मी बघितलं. घरी आल्यावर मी आमच्या फ्रिजमधलं लिंबू धुऊन पुसून पुन्हा धुतलं, आता हसू येतं.

मग एक दिवस उत्तरा कुर्ल्याला एका स्वयंपाकघरात सिंकखाली डोकं घालून बसलेली असताना तिचा फोन वाजला. राजेश. भर कामात तो कधी फोन करत नाही.

"काय झालं? दम लागला?"

"नाय गो. तेना खावचा बंद केल्यान."

"कोणी?"

"अळीन! पानाच्या कडेक जावन थांबली आसा. मुंडी हलयना. मेली काय गो?"

उत्तराने सिंकखालूनच कपाळाला हात लावला. पण संध्याकाळी घरी आल्यावर तिनेही हातपाय न धुता आधी बाटली बघितली. अळी मेली नव्हती. पानाच्या काठाशी येऊन ती आतल्या आत रेशमाचे धागे ओढत होती, आणि त्या धाग्यांनी पानाची कड हळूहळू वळत चालली होती, साडीला फॉल लावताना काठ दुमडावा तशी. जी मिलिमीटरभर जाडीचीसुद्धा नाही ती अळी पानाची कड वाकवत होती. दोघं नवराबायको टेबलाशी उभे राहून ते बघत होते आणि बाजूला गॅसवर भात लागला.

"जन्मभर एकाच पानात," राजेश म्हणाला. "त्याच पानात जल्माक इली, त्याच पानात खाल्ल्यान, आणि आता तेचीच गोधडी करून निजता."

त्यानंतर काही दिवस काहीच घडलं नाही. कड दुमडलेली ती तशीच. उत्तराला वाटलं, संपलं. राजेशला तसं वाटलं नाही. सकाळी उठला की आधी बाटली.

आणि एका पहाटे त्याने तिला हाक मारली. ती हाक मी खालच्या मजल्यावर ऐकली. "गो! गो उत्तरा! हय ये! धाव!" मला वाटलं आता रुग्णवाहिका बोलवावी लागणार. मी गाऊनवरच वर धावले. दार उघडं होतं. राजेश उभा, धाप लागलेली, पण बोट बाटलीकडे.

दुमडलेल्या कडेतून एक रिकामं, काचेसारखं तपकिरी टरफल अर्धं बाहेर आलेलं होतं. आणि बाटलीच्या काचेवर, आतून, एक पाकोळी बसली होती. पाकोळी म्हणायलाही जीव होत नाही, इतकी लहान. जिऱ्याच्या दाण्याच्या अर्धी. अंग रुपेरी, पंखांवर बदामी रेषा, पंखांना बारीक झालर, आणि पंखांच्या टोकाशी एक काळा ठिपका, कोणी सुईच्या अग्राने काजळ लावावं तसा.

उत्तराने हळूच मला विचारलं, जसं काही मला ठाऊक असणार, "ही... ती आहे?"

ती चपटी, बिनपायांची, पिवळट, कातडीखालून सरकणारी, आणि ही. मला आजही ते जुळत नाही. पाठ्यपुस्तकात सुरवंट आणि फुलपाखरू आपण सगळ्यांनीच काढलेलं असतं, रंग भरलेले असतात. पण आपल्याच घरात, जॅमच्या बाटलीत, ज्याला मारायचं ठरवलं होतं तेच असं बाहेर आलं की ते चित्र काही कामाला येत नाही.

राजेश भिंगाचा तुकडा काचेला लावून म्हणाला, "डोळे आसत गो तेका." मग म्हणाला, "मी कधी कोणाचे डोळे बघूक नाय."

आणि आम्हाला काही कळायच्या आत त्याने रबर काढलं, ओढणीचा तुकडा बाजूला केला आणि बाटली खिडकीच्या गजांतून बाहेर धरली. पाकोळी काचेच्या कडेवर आली आणि नाहीशी झाली. उडाली म्हणायचं, पण उडताना कोणालाच दिसली नाही.

"अहो, सोडलंत काय!" उत्तरा ओरडली. "ती आता कुठल्या तरी कोवळ्या पानावर अंडी घालणार! काकूंना काय सांगू मी?"

"घालू दे. हय खय आसा लिंबू?"

"गोदरेजच्या कॉलनीत हजार झाडं असतील!"

ते भांडत असतानाच तिचा फोन वाजला. इतक्या सकाळी काकू. उत्तराने स्पीकर लावला.

"उत्तरा, लगेच ये. माझ्या बाटलीत कोणीतरी भलतंच आहे."

ती मुलुंडला पोचली तेव्हा काकूंच्या केसांना फणीही लागली नव्हती. त्यांनी बाटली डायनिंग टेबलावर पांढऱ्या कागदावर ठेवली होती. आत एक लहानसा, टणक, काळसर-हिरवी झाक मारणारा कीटक काचेवरून भराभरा चालत होता. कंबर दोऱ्याएवढी, डोळे तांबडे. रुपेरी नाही, झालर नाही, काही नाही. आपल्या रेघवालीचा आणि याचा काही संबंधच नाही.

"बाटली उघडली होती तुम्ही?"

"मी? मी रोज रबर तपासत होते!"

उत्तराने पान बाहेर काढून भिंगाखाली धरलं. रेघ अर्ध्यावरच संपली होती. टोकाला अळी होती, पण ती आता नुसती सुकलेली कातडी, चोथा उरावा तशी. आणि तिच्या शेजारी पापुद्र्याला एक भोक. गोल. एखाद्याने अगदी बारीक सुईने आतून पाडावं असं.

काकूंचा चेहरा पडला होता. त्यांनी त्या अळीची फार वाट पाहिली होती, हे उत्तराला तेव्हा कळलं. "तिला कोणीतरी आत जाऊन खाल्लं," काकू म्हणाल्या. "दार बंद असताना."

काकूंचा मावसभाऊ देवदत्त कृषी खात्यातून निवृत्त होऊन रत्नागिरीला राहतो. काकूंनी त्याला फोन लावला, फोटो पाठवले, आणि फोन स्पीकरवर टाकून टेबलावर ठेवला. तो म्हणाला, "इरा, ही गांधीलमाशीच्या लांबच्या नात्यातली. पानावर फिरते, खाली अळी कुठे आहे ते हुंगते, आणि वरून सुईसारखी नांगी खुपसून अळीपाशी अंडं घालते. तिचं पिल्लू अळीला खाऊन मोठं होतं. तू पान बाटलीत घातलंस तेव्हाच तिचं अंडं आत होतं. घाबरू नका, माणसाला काही करत नाही. तुमचं पेस्ट कंट्रोलच आहे ते, फुकटचं."

उत्तरा पुढे वाकली. "साहेब, मी त्या झाडाला औषध मारलं होतं आधी. त्यानंतर रेघा वाढल्या. असं कसं?"

"कधी मारलंत, ताई?"

"पालवी आली तेव्हाच."

"मग सोपं आहे. अळी सालीखाली होती, ती वाचली. ही माशी पानावर फिरत होती, ती मेली. जी तुमचं काम करत होती तीच गेली."

उत्तराने मला नंतर सांगितलं, "मला वाटलं कोणीतरी कानाखाली वाजवली. एवढी वर्षं पंप मारतेय. मला वाटायचं, पंप मारला की जे नको ते मरतं. कोण मेलं ते मी कधी वळून बघितलंच नव्हतं गं."

काकू म्हणाल्या, "तू नाही, मी मारायला लावलं." पण त्याने तिला काही बरं वाटलं नाही.

देवदत्तने सांगितलं, काही करू नका. कोवळी पानं थोडी खराब होतील, जून पानांना अळी हात लावत नाही, झाड मरणार नाही, माशी परत येईल. काकूंनी काही केलं नाही. फक्त रोज सकाळी चहाचा कप घेऊन त्या झाडापाशी बसायला लागल्या.

उत्तरा अहिंसावादी वगैरे झाली असं कोणी समजू नये. झुरळं ती मारतेच. मी विचारलं तर म्हणाली, "स्वयंपाकघरात आलं की ते माझं. पण झाडाचं मला काही कळत नाही, हे आता कळलं ना." अंधेरीच्या एका मोठ्या सोसायटीचं काम तिच्याकडे होतं. तिथला सेक्रेटरी, सुयोग नावाचा, तिला म्हणाला, खाली बागेतल्या झाडांनाही मारून टाका, मोसंबीच्या पानांवर घाणेरडं काहीतरी दिसतंय. ती म्हणाली, झाडांना मी मारत नाही. तो हसला. त्याला वाटलं ती जास्त पैसे मागतेय. तिने त्याला पान तोडून उन्हात धरून दाखवायचा प्रयत्न केला, तर त्याने "ई, शी" करून हात मागे घेतला आणि म्हणाला, "पेस्ट कंट्रोलवालीच किडे वाचवायला लागली तर वाट लागली यार आमची." पुढच्या महिन्यापासून ते काम दुसऱ्याकडे गेलं. घरी येऊन तिने पंप दाणकन खाली ठेवला. राजेशने टीव्हीचा आवाज बंद केला आणि म्हणाला, "जाव दे. तेका बघूक नाय येना, तेच्यात तुझो काय दोष?"

आणि मग फेब्रुवारीत, लिंबाला पुन्हा पालवी आली तेव्हा, राजेशने सांगितलं की त्याला मुलुंडला जायचंय. दवाखाना सोडून तो कुठे गेला नव्हता, किती वर्षं झाली मोजायचं आम्ही सोडून दिलं होतं. उत्तराने रिक्षा केली, मला बरोबर घेतलं, तिथूनच कामावर जायचं म्हणून आपला रिकामा पंप घेतला आणि पिशवीत त्याचा पंप घेतला, म्हणजे तोंडातून ओढायचा तो. काकूंनी दार उघडलं आणि त्याच्याकडे खालपासून वरपर्यंत पाहिलं. "तुम्हीच ते. सोडून देणारे."

"होय," राजेश म्हणाला. "आणि तुमच्या बाटलीत गांधीलमाशी."

"ती माझी चूक नव्हती."

पाच मिनिटांत दोघांची जुनी ओळख असावी असं बोलणं सुरू झालं. काकूंनी भिंग दिलं, त्याला खुर्ची दिली, स्वतः स्टूल घेतलं. मी आणि उत्तरा मागे उभ्या. तो प्रत्येक पान खालून वरून बघत होता, जसा डॉक्टर जीभ बघतो. एकाएकी त्याने हात वर केला. "थांबा. कोणी हलू नका."

पानावर, नव्या रेघेच्या वर, ती चालत होती. तीच, दोऱ्याच्या कंबरेची. डोक्यावरच्या दोन मिशांनी ती पापुद्र्यावर टकटक करत होती. थोडं पुढे. टकटक. थोडं मागे. खाली, सालीच्या आत, अळीचं डोकं डावीकडे उजवीकडे चाललेलंच होतं. वर कोणी आलंय याचा तिला पत्ता नव्हता. काकूंनी आपलं दुसरं भिंग काढलं आणि आम्ही दोघी त्यात आलटून पालटून डोकावलो.

मिशा थांबल्या. तिने पोट खाली वाकवलं. काहीतरी केसाहून बारीक सालीतून आत गेलं.

अळी एकदा वेटोळी झाली. डोकं एकदा डावीकडे गेलं आणि परत आलंच नाही.

"मारल्यान," राजेश कुजबुजला. "अरे देवा. मारल्यान."

तेवढ्यात उत्तराचा हात पुढे गेला. बोटाने उडवून लावायला, त्या माशीला. काकूंनी तिचं मनगट पकडलं.

"हात लावायचा नाही."

"पण काकू, ती जिवंत होती हो आत! बघा ना, काहीतरी करा ना!"

बोलून गेली आणि तिची तीच थिजली. आम्ही सगळेच तिच्याकडे बघत राहिलो. राजेशने भिंग डोळ्यावरून काढलंच नव्हतं, त्याचा एक डोळा बशीएवढा दिसत होता. उत्तराने मनगट सोडवून घेतलं, तोंडावरून पदर फिरवला आणि म्हणाली, "काय झालं मला?"

माशी पानावरच होती. तिला पुढची अळी शोधायची होती, ती पुन्हा टकटक करायला लागली.

घाटकोपरला एका घरी गाद्या उन्हात काढून माणसं तिची वाट बघत होती. उत्तराने पायपुसण्याजवळ ठेवलेला आपला औषधाचा पंप उचलून पाठीला लावला, पट्टे आवळले, मला म्हणाली, "ह्यांना नीट घेऊन ये गं," आणि दारातून "येते काकू," असं म्हणाली. काकू आणि राजेश दोघांची डोकी एकाच पानावर वाकली होती. काकू त्याला हळू आवाजात सांगत होत्या, "डावीकडे, डावीकडे बघा, त्या दुसऱ्या रेघेकडे चाललीय," आणि उत्तरा गेल्याचं त्या दोघांना कळलंही नाही.